अंतिम भागाचा दुसरा भाग

आधी हे कबूल करून टाकते की त्या जपानी कार्टून-सिनेमांचा क्रम मला आजही नीट सांगता येत नाही. आणि मी काही एखाद-दुसरा सिनेमा बघून बोलत नाहीये. शाळेत होते तेव्हा टीव्हीवर ती मालिका हिंदीत लागायची, तेव्हापासूनची मी प्रेक्षक. एक नावाडी, त्याची होडी, होडीत बुडालेल्या गावांचे कंदील, आणि ते कंदील विझवायला मागे लागलेले पाण्याखालचे लोक. बस, एवढी साधी गोष्ट. पण त्या लोकांनी तिचा असा काही गुंता करून ठेवला की विचारू नका. मालिका मध्येच थांबली आणि पुढची गोष्ट सिनेमात आली. मग तोच सिनेमा तुकडे करून परत मालिकेत घुसवला. पहिला सिनेमा म्हणजे मालिकेचाच सारांश, पण शेवट वेगळा. दुसऱ्याचा मूळ गोष्टीशी काडीचा संबंध नाही. आणि तिसऱ्यात पहिल्यात मेलेला म्हातारा धडधाकट चालत आला, तेव्हा मी भर थिएटरात ओरडले, "अरे, ये कैसे जिंदा हो गया?" पुढच्या रांगेतून कोणीतरी मागे वळूनही न बघता म्हणालं, "मैडम, ये पहले का है."

हे सगळं ज्याच्याबद्दल आहे तो हाच, पुढच्या रांगेतला.

इंदुरात हे सिनेमे लागणं म्हणजे एक प्रकरणच असायचं. जपानात लागून वर्ष उलटलेलं असायचं. मग आपल्याकडे तारीख यायची, ती पुढे जायची, परत पुढे जायची, आणि एक दिवस अचानक कळायचं की परवापासून लागतोय. एकाच मॉलमध्ये, सकाळचा एकच शो, आणि बघता बघता उतरणार. कधी हिंदीत डब केलेला, कधी मूळ जपानीत आणि खाली इंग्रजी अक्षरं. अक्षरं वाचावीत तर चित्र निघून जातं, चित्र बघावं तर अक्षरं. तरी आम्ही जायचो. आम्ही म्हणजे कोण, तर कॉलेजची पोरं, एक दातांचा डॉक्टर, बँकेतल्या एक बाई, सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी मी, आणि असेच इकडून तिकडून आलेले. फोनवर आमचा एक ग्रुप होता. त्यात सगळ्यांनी मालिकेतलीच टोपणनावं घेतलेली, त्यामुळे खरं कोण कुठला, कोणालाच पत्ता नाही. सिनेमा लागला की ग्रुप जागा व्हायचा, उतरला की झोपायचा.

तो माझ्याच वयाचा, उंच, सावळा. एरवी बोलायला कमी, पण सिनेमा सुटल्यावर मॉलच्या मागच्या ठेल्यावर पोहे खायला सगळे जमलो की सुरू व्हायचा. मी म्हणायचे, गोष्ट जशी घडली त्या क्रमानं सिनेमे बघावेत. तो म्हणायचा, जसे लागले तसेच बघायचे. यावरून आमची अशी जुंपायची की ठेलेवाला पोह्यांवर शेव टाकायचा थांबून आमच्या तोंडाकडे बघायचा.

"तुमने तीसरी पहले देख ली होती, तो बुड्ढे के मरने पे रोना कैसे आता?"

"मुझे तो वैसे भी नहीं आया."

खोटं. चांगली हमसून रडले होते मी. पहिल्या सिनेमालाही तो होता, त्यानं पाहिलंही होतं.

मला तो आवडायचा. आता लपवून काय करायचंय? पण आवडायचा म्हणजे नक्की काय, ते माझं मलाच कळत नव्हतं. वर्षा-दीड वर्षातून एकदा दिसणारा माणूस. नावाड्याच्या बहिणीबद्दल त्याचं मत काय ते मला ठाऊक, पण तो राहतो कुठे ते नाही. ग्रुपमध्ये सगळे त्याला भियाच म्हणायचे, इंदौरी हिंदीत भैय्याला म्हणतात तसं, मी पण म्हणायचे. सिनेमा उतरला की त्याचा एकही मेसेज येत नसे, आणि मी पण करत नसे, कारण काय लिहिणार? सिनेमाच संपलाय. मग पुढचा कधी लागतो याची वाट बघायची. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "तू पागल है क्या, कार्टून के लिए इतनी बेचैन?" मी त्यांना काय सांगणार, मला तरी कुठे कळत होतं की मी कार्टूनसाठी बेचैन आहे की आणखी कशासाठी.

आता आमच्या भाषेचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही राजेंद्र नगरचे, इंदुरातल्या मराठी वस्तीतले. घरात मराठी. तीही अशी की पुण्याची मामेभावंडं पोट धरून हसतात, कारण मी बिनधास्त "मी तुला बोलली होती ना, मतलब विसरलास का?" म्हणते. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की जीभ आपोआप हिंदीत वळते. आणि एक गंमत बघा. अर्ध्या इंदुराला मराठी कळतं हे आम्हाला चांगलं ठाऊक, तरी बाहेर मराठी बोललो की ते कोणालाच कळत नाही असं आम्ही धरून चालतो. साडीच्या दुकानात आई दुकानदाराच्या तोंडावर मला सांगते, "हा लुटतोय, चल इथून," आणि तो शांतपणे म्हणतो, "ताई, दुसरी दाखवतो ना." किती वेळा झालंय हे! आई तेवढ्यापुरती लाजते आणि पुढच्या दुकानात पुन्हा तेच.

माझंही तेच. जपानी सिनेमात मध्यांतर नसतं, ते आपल्याकडे ठोकून बसवतात. पडद्यावर कोणीतरी तोंड उघडलेलं असतं, वाक्य अर्धं झालेलं असतं, की फटकन दिवे लागतात. आणि दिवे लागले की आईचा फोन, कारण त्याच्याबद्दल मी तिला सांगून ठेवलेलं.

"आलाय का गं तो?"

"आलाय. समोरच उभा आहे, पॉपकॉर्न घेऊन."

"कसा दिसतो?"

"दिसायला बरा आहे. पण शर्ट काय घातलाय, आई! गोधडी उसवून शिवल्यासारखा. आणि केस बघशील तर न्हाव्याशी भांडण झालंय की काय वाटेल."

आई खो खो हसायची. मग हळूच मुद्द्यावर यायची. "मराठी नसेल ना?"

"कुठला मराठी! पक्का इंदौरी आहे."

"मराठी असता ना, तर मीच त्याच्या आईला फोन केला असता. आता तुझ्या वयाला आम्ही काही बघणार नाही बाई. नोकरी कसली, घर केवढं, काही नाही. मराठी असला म्हणजे झालं. दोन शब्द बोलता तरी येतील माणसांशी."

आईचा आवाज असा की फोन कानापासून लांब धरला तरी शेजारच्याला ऐकू जावा. आणि शेजारी तोच असायचा. पॉपकॉर्न माझ्यापुढे करून विचारायचा, "मम्मी?"

"हाँ. पूछ रही हैं पिक्चर कैसी है."

"तो बोलो ना, अच्छी है," तो म्हणायचा आणि निवांत पॉपकॉर्न खायचा.

असे कितीतरी सिनेमे गेले. मग जाहीर झालं की आता शेवटचा. ग्रुपवर रडारड सुरू झाली. काही दिवसांनी कळलं की शेवटचा आहे, पण दोन भागांत आहे. म्हणजे अंतिम भागाचा पहिला भाग आणि अंतिम भागाचा दुसरा भाग. माझं डोकंच फिरलं. संपवायचं तर संपवा ना सरळ! पण मनातून हायसं वाटलं, हे पण खरं. दोन भाग म्हणजे तो अजून दोनदा दिसणार. त्यानंतर आम्हाला एकमेकांसमोर उभं राहायला काही कारण उरणार नव्हतं.

पहिल्या भागाच्या मध्यांतरात तो दोन्ही हातांत कॉफी घेऊन येत होता, काखेत पॉपकॉर्न, आणि त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजायला लागला. एरवी तो फोन घ्यायला नेहमी लांब, जिन्यापाशी जायचा. त्या दिवशी त्याच्या वडिलांना बरं नव्हतं, सकाळपासून त्याचं लक्ष फोनकडे होतं. "देख तो, घर से है क्या," तो म्हणाला. मी त्याच्या खिशातून फोन काढला. फोनवर नाव होतं, आई.

मम्मी नाही, माँ नाही. आई. फोन वाजतोय आणि मी तो हातात धरून उभी.

"लगा दे कान को, जल्दी."

मी लावला.

"हं, बोल आई. नाही गं, फ्रिजवर नाहीत गोळ्या, टीव्हीच्या मागे ठेवल्यात. अर्धी दे, अख्खी नको. ताप उतरला का? हो, खाल्लं मी. लवकर येतो. ठेव."

स्वच्छ मराठी! माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. मी म्हटलं, "तू मराठी आहेस?" आणि श्वाससुद्धा न घेता पुढे, "आडनाव काय तुझं?"

विचारायचं असं ठरवलं नव्हतं मी. तोंडातून निघालंच ते. आमच्यात निघतंच. डॉक्टरकडे बसलेलो असू दे, बड़ा गणपतीच्या बाजारात उभे असू दे, मराठी माणूस भेटला की आधी आडनाव, मग "मूळचे कुठले?" पणजोबा संस्थानच्या फौजेत होते तेव्हापासून आम्ही इंदुरात, आमचं मूळ गाव घरातल्या कोणी डोळ्यांनी बघितलेलं नाही, तरी हा प्रश्न विचारल्याशिवाय आमची गाडी पुढे सरकत नाही. आडनाव कळलं की समोरच्याला कुठे बसवायचं ते मनात ठरतं, आणि मग आम्ही हसून म्हणतो, "हो का? छान, छान."

त्यानं दोन्ही कॉफ्या कट्ट्यावर ठेवल्या. "बघ," तो म्हणाला. पहिल्यांदाच मराठीत. "एक मिनिटसुद्धा नाही लागलं तुला."

"कशाला?"

"आडनाव विचारायला. म्हणून तर इतकी वर्षं बोललो नाही. हिंदीत मी भिया आहे. भियाला कोणी आडनाव विचारत नाही."

मग त्यानं आडनाव सांगितलं. मी पुढचं विचारीन म्हणून तेही सांगून टाकलं. "महूचे आम्ही. आजोबा पलटणीत होते. बौद्ध आहोत. अजून काही?"

मला राग आला. कोणाचा आला ते कळेना. माझा स्वतःचा आला, त्याचा आला, फोन करणाऱ्या त्याच्या आईचाही आला, बिचारीचा काय दोष! मी एकदम त्याच्यावरच घसरले. "म्हणजे मी फोनवर बोलायचे ते सगळं तुला कळत होतं?"

"सगळं."

"शर्टाचं पण?"

"तो शर्ट माझ्या बहिणीनं शिवला होता."

"अगं आई गं! आणि तू नुसता पॉपकॉर्न खात उभा राहायचास? लाज नाही वाटली? सांगायचं नाही का एकदा तरी?"

"काकू म्हणायच्या ना, मराठी असता तर त्याच्या आईला फोन केला असता. दर वेळी वाटायचं, आता सांगून टाकावं." तो हसत नव्हता. "मग वाटायचं, सांगितलं तरी काकू फोन करतील का? त्यापेक्षा नकोच. करतीलच असं धरून चालायला बरं वाटायचं."

दिवे गेले. उरलेला सिनेमा मी बघितला, म्हणजे डोळे उघडे होते. कोण कोणाला मारतंय, कोणाचा कंदील विझला, काही म्हणजे काही डोक्यात शिरलं नाही. तो शेजारी बसला होता. कॉफी गार झाली. मला राहून राहून आईचा चेहरा दिसत होता आणि मग स्वतःचीच चीड येत होती, की बाई, हा माणूस इथे बसलाय आणि तू आईचा विचार करतेयस?

बाहेर आल्यावर गाडीला किल्ली लावत तो म्हणाला, "मला तू आवडतेस. ते तुला हिंदीतपण कळलं असेलच."

"कळलं होतं," मी म्हटलं. "मला पण."

"मग घरी बोल. मी पण बोलतो. दुसरा भाग लागेल तेव्हा भेटू. तुझ्या घरच्यांना चालणार असेल तर पुढचं ठरवू. नसेल चालणार, तर सिनेमाबरोबर आपलं पण संपलं."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत फोन नको करायला. रोज बोलायची सवय लागली आणि मग थांबावं लागलं, तर मला नाही जमणार."

घरी आले तेव्हा आई ओट्यापाशी भुट्टे किसत होती. मी म्हटलं, "आई, तो मराठी आहे."

किसणी थांबली. आईचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "अय्या, खरंच? आणि इतकी वर्षं हिंदीत काय बोलत बसलात, वेडे कुठले! कुठला गं? आडनाव काय?"

मी सांगितलं. आडनाव, महू, आजोबांची पलटण, सगळं.

"अच्छा," आई म्हणाली आणि पुन्हा किसायला लागली.

मी वाट बघितली. एक भुट्टा झाला, दुसरा घेतला. "आई?"

"ऐकलं मी. मिरच्या दे त्या."

"तू म्हणायचीस ना, मराठी असला म्हणजे झालं?"

"म्हणायचे."

"मग?"

"मग काय? मिरच्या दे म्हटलं ना."

त्या दिवसापासून आई नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही. मी दोनदा विषय काढला तर तिला एकदम दूध उतू जाताना दिसलं, एकदा तर गॅस बंद असताना. बाबांनी "तुझी आई म्हणेल तसं" म्हणून पेपर तोंडासमोर धरला. मी वैतागले. भांडली असती तर मी पण भांडले असते, मला भांडता येतं. पण आई गप्प बसली की माझ्या हातात काहीच उरत नाही. आणि आई वाईट असती तर सोपं झालं असतं. आयुष्यभर शाळेत शिकवलं तिनं, कोणाच्या मुलाला जात बघून वेगळं वागवलं नाही, महूच्या किती मुली अजून तिला भेटायला येतात, आमच्याच घरात जेवून जातात. मग हे काय? एकदा चादरींच्या घड्या करताना ती आपणहून म्हणाली, "माझं मलाच कळत नाही गं. मला वाटायचं, मी अशी नाही." मी चादरीचं दुसरं टोक धरून उभी राहिले.

दुसरा भाग जपानात लागला. आपल्याकडे तारीख आली, पुढे गेली, परत पुढे गेली. आधी मी सिनेमा पुढे गेला की चिडायचे. आता प्रत्येक वेळी वाटायचं, बरं झालं, आईला अजून वेळ मिळाला. आणि पाठोपाठ वाटायचं, लागू दे एकदाचा, हे असं टांगून राहणं नको. शेवटी लागला. तिकीट काढत होते तर आई मागून म्हणाली, "मी पण येते. बघू तरी काय असतं ते."

बघायचं म्हणजे काय बघायचं, सिनेमा की त्याला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आई नाटकाला जाते तशी नटून आली. रेशमी साडी, गजरा, पर्समध्ये बेसनाच्या लाडवांचा डबा. डबा दारातल्या गार्डनं काढून घेतला, त्यावरून वाद झाला, आणि आम्ही दोघी त्या वादातच असताना तो समोर येऊन उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. त्यानं वाकून नमस्कार केला. "काकू, मी. ओळखलंत का?"

"नमस्ते बेटा," आई म्हणाली. "कैसे हो आप?"

मला वाटलं, सवयीनं बोलली, आता सुधारेल. तो म्हणाला, "बरा आहे काकू. तुम्हाला यायला त्रास नाही ना झाला?" आई म्हणाली, "नहीं नहीं, ऑटो मिल गया था." तो म्हणाला, "आमचा महूचा रस्ता तुमच्या राजेंद्र नगरवरूनच जातो." आई म्हणाली, "अच्छा, अच्छा. पापा की तबीयत कैसी है अब?" इतकी वर्षं मराठी जावई मिळावा म्हणून जीव टाकणारी माझी आई, समोर मुलगा तिच्याहून चांगलं मराठी बोलतोय, आणि ही बया प्रेमानं, अगदी गोड हसून, हिंदीत उत्तरं देतेय! शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तो एकदाही हिंदीत वळला नाही. ती एकदाही मराठीत आली नाही. मी दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते आणि मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

आत आई आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मुद्दाम की सहज, देव जाणे. सिनेमा हिंदीत होता, तरी तिला काही कळेना. कळणार कसं, आधीचं काहीच बघितलेलं नाही. "हा कोण गं?" ती मला विचारायची. मला तरी कुठे धड आठवत होतं, पहिला भाग मी कसा बघितला होता ते सांगितलंच. मग तो तिच्याकडे झुकून हळूच सांगायचा, "हा तिचा भाऊ, काकू. लहानपणी हरवलेला." आई पडद्याकडे बघून मान हलवायची. मध्यांतर झालं तेव्हा आमच्यातलं कोणीच उठलं नाही. त्या दिवशी फोन कोणाचाच आला नाही.

शेवटाकडे नावाडी सगळे कंदील एकेक करून पाण्यात सोडतो. होडी रिकामी होते. मग ती भरायला लागते आणि तो तिच्यात तसाच बसून राहतो. पाणी त्याच्या गळ्यापर्यंत आलं, मग वर नुसतं पाणीच राहिलं.

"अरे, बुडाला का रे तो?"

आई होती. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"नाही काकू. थांबा जरा. येतो तो वर."

"नक्की ना रे? नाहीतर मला नाही बघवणार. चांगला होता बिचारा."

"नक्की. मी सांगतोय ना."

"मग वेळ का लावतोय मेला इतका?"

तो हसला. मला अंधारात दिसलं. आणि नावाडी आला वर, थुंकत, खोकत, आणि आईनं "हुश्श" केलं, पण मनगट लगेच सोडलं नाही.

दिवे लागले. आईनं स्वतःच्या हाताकडे बघितलं, तो काढून घेतला, पदर सारखा केला. उठताना त्याला म्हणाली, "अच्छी थी पिक्चर. थोड़ी समझ में नहीं आई, पर अच्छी थी."

बाहेर दुपारचं ऊन होतं. आईनं गार्डकडून डबा परत घेतला. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे. तो माझ्याकडे बघत होता. काय विचारत होता ते मला कळत होतं. घरात चालणार होतं का? मला माहीत नव्हतं. आईलाच माहीत नव्हतं. पण त्याला तसंच जाऊ दिलं असतं तर तो पुन्हा दिसला नसता, एवढं पक्कं माहीत होतं.

"उद्या भेटू," मी म्हटलं. मराठीत, आईला ऐकू जाईल असं.

"उद्या काय लागलंय?"

"काही नाही लागलंय. नुसतं भेटू. परवा पण भेटू."

त्यानं आईकडे बघितलं. आई येणाऱ्या रिक्षांकडे बघत होती. तो हेल्मेट घ्यायला वाकला. मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात आई मला म्हणाली, "महूपर्यंत जायचंय ना त्याला? ट्रक फार असतात त्या रस्त्यावर. सावकाश जा म्हणावं."

तो हाताच्या अंतरावर उभा होता. मी कोणाला आणि काय म्हणणार होते? मला रडू फुटलं. आनंदानं फुटलं की रागानं, ते तेव्हाही कळलं नाही आणि आता लिहितानाही सांगता येत नाही.

"आणि हे पण दे त्याला," आई म्हणाली आणि लाडवांचा डबा माझ्या हातात कोंबला. "घरी आईवडील असतील, त्यांना पण दे म्हणावं."

"देतो, काकू," तो म्हणाला.

आईनं त्याच्याकडे न बघताच मान हलवली आणि समोर थांबलेल्या रिक्षात जाऊन बसली.